वैमानिक-शिक्षणाची शाळा कशी निवडावी?

१० फेब्रुवारी १९२९ रोजीं मुंबईंतील एका तरुण पारशी गृहस्थाच्या हातीं वैमानिकाचा परवाना पडला. हिंदुस्थानांत दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. ते गृहस्थ म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. त्या काळीं उड्डाण शिकावयाचें तर कोठें शिकावें, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मुंबई, दिल्ली अशा मोजक्या शहरांत फ्लाइंग क्लब नुकतेच निघाले होते. मुंबईकरानें जुहूच्या मैदानावर जावें, तेथें जो शिक्षक असेल आणि जें विमान असेल त्यावर शिकावें, इतकेंच. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ह्याच टाटांनीं टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस विमान आणलें, आणि हौसेनें मिळविलेल्या विद्येंतून देशांतील एका नव्या व्यवसायाचा पाया घातला गेला.

आज स्थिति पालटली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें मान्यता दिलेल्या वैमानिक-शिक्षणसंस्था देशांत तिसांहून अधिक आहेत. एकट्या महाराष्ट्रांत बारामती, धुळें, गोंदिया अशा ठिकाणच्या धावपट्ट्यांवरून शिकाऊ विमानें उडत आलीं आहेत. निवडीला वाव मिळाला, परंतु त्याबरोबर चुकीलाही वाव मिळाला. प्रत्येक संस्थेचें माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलें असतें. प्रत्येकांत निळें आकाश असतें, पांढरें शुभ्र विमान असतें आणि काळा चष्मा लावलेला हंसतमुख तरुण असतो. माहितीपत्रकावरून शाळा निवडणें म्हणजे लग्नपत्रिकेवरून संसाराची परीक्षा करणें होय. आणि येथें पणास लागतें तें थोडें नव्हे. एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाची कैक वर्षांची शिल्लक तर लागतेच. शिवाय इतर विद्यांत कच्चें राहिलेलें शिक्षण परीक्षेच्या निकालांत दिसतें, ह्या विद्येंत तें जमिनीपासून हजार फुटांवर दिसतें. म्हणून शाळा कशी पारखावी ह्याचा विचार आधीं आणि शांतपणें केला पाहिजे.

सर्वांत आधीं आपणांस काय हवें आहे हें विद्यार्थ्यानें ठरवावें. खाजगी वैमानिकाचा परवाना मिळालेला मनुष्य स्वतःच्या हौसेसाठीं किंवा कामासाठीं विमान चालवूं शकतो, आप्तमित्रांस बरोबर नेऊं शकतो. मात्र त्याबद्दल भाडें अथवा वेतन घेऊं शकत नाहीं. पोटासाठीं विमान चालवावयाचें तर व्यावसायिक परवाना लागतो, आणि भारतांत त्याकरितां २०० तासांचें उड्डाण व्हावें लागतें. आपल्याकडील बहुतेक संस्था ह्या दुसऱ्या परवान्याच्या विद्यार्थ्यांवर चालतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु अशा संस्थेंत केवळ खाजगी परवान्यासाठीं आलेला विद्यार्थी पुष्कळदां पंगतीच्या शेवटच्या पानावर बसतो. वाढप त्याच्यापर्यंत पोंचेल तेव्हां पोंचेल. म्हणून “खाजगी परवान्याचे विद्यार्थी आपण घेतां काय, आणि घेतां तर विमान मिळण्याच्या क्रमांत त्यांचें स्थान कोणतें?” हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावा.

कायद्याची अपेक्षा काय आहे, हेंही ठाऊक असावें. शिकाऊ वैमानिकाच्या परवान्यास सोळा वर्षें आणि खाजगी वैमानिकाच्या परवान्यास सतरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. दहावी उत्तीर्ण होणें पुरेसें असतें. खाजगी परवान्यास किमान ४० तासांचें उड्डाण लागतें; त्यांपैकीं २० तास विद्यार्थ्यानें विमानांत एकट्यानें असलें पाहिजे, आणि ह्या एकट्याच्या उड्डाणांत पांच तास दूरच्या प्रवासाचे असले पाहिजेत. त्यांतला एक प्रवास निदान १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारें २७८ किलोमीटरांचा, असून वाटेंत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून थांबावें लागतें. शिवाय हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान आणि विमान व इंजिन ह्या विषयांची परीक्षा असते. उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७० गुण लागतात. रेडिओवरून बोलण्याचा परवाना निराळा. हे चाळीस तास ही किमान मर्यादा आहे, सरासरी नव्हे, हें मात्र विसरूं नये. “चाळीस तासांत परवाना” असें छातीठोकपणें सांगणारी संस्था एक तर विद्यार्थ्याला ओळखत नाहीं, नाहीं तर त्याच्या खिशालाच ओळखते.

शाळेंत पैसे भरण्यापूर्वीं एक पायरी आहे, आणि ती गाळल्यामुळें कित्येकांस पश्चात्ताप झालेला आहे. ती म्हणजे वैद्यकीय तपासणी. खाजगी परवान्यास दुसऱ्या वर्गाचें वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें आणि तें महासंचालनालयानें नेमलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावें लागतें. दृष्टि, श्रवण, हृदय, रक्तदाब इत्यादि सर्व त्यांत पाहिलें जातें. रंग ओळखण्यांतील दोष हा असा असतो कीं, तो ज्याला असतो त्याला स्वतःला पुष्कळदां ठाऊकही नसतो. पुढें व्यावसायिक परवान्याकडे वळण्याचा विचार असेल, तर पहिल्या वर्गाची अधिक कडक तपासणी आरंभींच करून घेणें शहाणपणाचें. प्रामाणिक संस्था स्वतःच विद्यार्थ्यास सांगते कीं, “आधीं डॉक्टरांकडे जा, मग आमच्याकडे या.” जी संस्था पैशाची घाई करते आणि तपासणी मागाहून होईल म्हणते, तिच्याविषयीं तेथेंच सावध व्हावें.

आतां मुख्य मुद्दा. शाळा निवडतांना बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात: तासाला किती? वस्तुतः विचारावयाचा प्रश्न असा आहे: आमचा मुलगा आठवड्यांतून किती वेळां उडेल? उड्डाण ही डोळ्यांची आणि हातांची विद्या आहे. ती खंडाखंडानें येत नाहीं. विमान उतरविण्याचेंच उदाहरण घ्यावें. लहान शिकाऊ विमान ताशीं सुमारें ११० ते १२० किलोमीटर वेगानें धावपट्टीकडे येतें. शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत वैमानिकानें नाक हळूहळू वर उचलून वेग असा मारावा लागतो कीं, विमानाची उडण्याची शक्ति संपणें आणि मागल्या चाकांनीं जमिनीला स्पर्श करणें हीं दोन्ही एकाच क्षणीं घडावीं. नाक लवकर उचललें तर विमान उंचावरून आदळतें. उशिरां उचललें तर पुढचें चाक आधीं आपटतें. ही जमिनीची ओळख पुस्तकांतून होत नाहीं. ती लागोपाठच्या दिवसांत, वीस-तीस वेळां उतरून होते. आज तीन वेळां उतरलेला विद्यार्थी उद्यां पुन्हां उतरेल तर कालच्या खांबावर आजची वीट बसते. तोच तीन आठवड्यांनीं परतेल तर पहिला तास कालची भिंत पुन्हां उभी करण्यांतच जातो, आणि त्या तासाचे पैसे मात्र पूर्ण पडतात.

ह्याचा हिशेब कोणासही करतां येईल. समजा, एका संस्थेंत उडण्याच्या स्थितींत असलेलीं विमानें चार आहेत. प्रत्येक विमान दिवसाला पांच तास आणि महिन्यांतून बावीस दिवस चालतें असें धरलें, तर महिन्याचे ४४० तास झाले. विद्यार्थी ऐंशीं असतील तर एकेकाच्या वांट्यास महिन्याला साडेपांच तास येतात. म्हणजे चाळीस तासांस सात महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि तोही पाऊस, बिघाड व सुट्या आड आल्या नाहींत तर. तेच विद्यार्थी तीस असतील तर प्रत्येकास चौदा-पंधरा तास मिळतात व तें काम तीन महिन्यांच्या आंत उरकतें. म्हणून विमानें किती हा अर्धा प्रश्न झाला. विमानें किती, त्यांतील आज उडणारीं किती, शिक्षक किती आणि विद्यार्थी किती, असे चारही आंकडे एकत्र मागितल्याशिवाय उत्तर पुरें होत नाहीं. छपराखालीं चाकें काढून उभें असलेलें विमान माहितीपत्रकाच्या यादींत असतें, पण विद्यार्थ्याच्या नोंदवहींत तें कधींच उतरत नाहीं.

पैशाचाही खरा हिशेब ह्याच मार्गानें लागतो. एक संस्था तासाला दहा हजार रुपये घेते आणि दुसरी तेरा हजार घेते असें धरून चालूं. पहिलींत खंड पडत गेल्यामुळें विद्यार्थ्यास पंचाहत्तर तास लागले; दुसरींत नियमितपणें उडून पन्नास तासांत काम झालें. पहिल्याचे साडेसात लाख झाले, दुसऱ्याचे साडेसहा. स्वस्त तासाचा परवाना महाग पडला. त्यांत आणखी एक बारकावा आहे. नियमाप्रमाणें उड्डाणाचा काळ हा विमान उड्डाणासाठीं प्रथम जागचें हललें तेव्हांपासून, तें उतरून पुन्हां स्थिर होईपर्यंत मोजला जातो. धावपट्टीकडे जातांना मोठ्या प्रवासी विमानांच्या मागें पंधरा मिनिटें तिष्ठत राहावें लागलें, तर तींही मिनिटें उड्डाणांतच जमा होतात. वही भरते, पैसे जातात, शिकणें होत नाहीं. मुंबईच्या फ्लाइंग क्लबानें प्रत्यक्ष उड्डाण-शिक्षण जुहूहून धुळ्यास नेलें, त्यामागें महानगरावरील आकाशांत झालेली दाटी होती. उलट, अगदींच निर्जन धावपट्टीवर शिकलेला विद्यार्थी पुढें गजबजलेल्या विमानतळाच्या रेडिओवरील आज्ञांनीं गोंधळतो. आरंभ शांत ठिकाणीं व्हावा आणि मागाहून मोठ्या विमानतळावर जाण्याची संधि मिळावी, ही योजना उत्तम.

विमानाविषयीं सामान्य समजूत अशी कीं, नवें तेवढें चांगलें. ती पूर्ण खरी नाहीं. सेस्ना १७२ ह्या जातीचीं विमानें १९५६ पासून विक्रीस आलीं व आजवर ४४,००० हून अधिक बनलीं. त्यांतलीं कित्येक दशकें उडालेलीं विमानेंही उत्तम शिक्षण देतात. विमानाचें वय त्याच्या रंगावर नव्हे, त्याच्या वहीवर मोजावें. ठराविक तासांनंतर, उदाहरणार्थ पन्नास आणि शंभर तासांनंतर, विमानाची तपासणी होते आणि ती अधिकृत अभियंत्याच्या सहीनें नोंदली जाते. शिवाय दररोजच्या उड्डाणांत आढळलेले दोष लिहिण्याची वही असते. ती वही पाहण्याची परवानगी मागावी. ज्या वहींत दोष लिहिलेले आहेत आणि त्यापुढें दुरुस्तीची सही आहे, ती वही चांगली. ज्या वहींत महिनोन्‌महिने एकही दोष नाहीं, ती संशयास्पद. यंत्र आहे तेथें दोष होणारच. तो लिहिला जात नाहीं ह्याचा अर्थ तो झांकला जातो.

सकाळच्या पहिल्या उड्डाणापूर्वीं आणखी एक गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येते. पेट्रोलवर चालणाऱ्या शिकाऊ विमानांचें इंधन निळसर रंगाचें असतें. ह्या जातीचें इंधन पूर्वीं परदेशांतून येई; २०२२ पासून तें गुजरातेंतील कोयळी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत तयार होऊं लागलें. रात्रींच्या गारव्यानें टाकींत पाण्याचे थेंब जमूं शकतात, आणि पाणी जड असल्यामुळें तें तळाशीं बसतें. म्हणून टाकीच्या तळाच्या तोटींतून थोडें इंधन कांचेच्या भांड्यांत काढून, तें उजेडाकडे धरून, रंग ठीक आहे कीं नाहीं आणि खालीं पाण्याचा थर आहे काय हें पाहावयाचें असतें. हें काम मिनिटभराचें आहे. तें विद्यार्थी स्वतः करतो कीं नाहीं, शिक्षक त्याकडे पाहतो कीं नाहीं, कीं सर्व जण घाईघाईनें विमानांत चढतात, एवढ्यावरून त्या शाळेचें वळण समजतें. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

यंत्राहून महत्त्वाचा शिक्षक. आपल्याकडे उड्डाण-शिक्षकाच्या नोकरीकडे कित्येक तरुण मोठ्या विमान कंपनीच्या वाटेवरील धर्मशाळा म्हणून पाहतात. तास भरले कीं ते निघून जातात आणि विद्यार्थी नव्या शिक्षकाच्या हातीं पडतो. नवा शिक्षक जुन्याचें काम पुन्हां तपासून पाहतो, आणि त्यांत विद्यार्थ्याचे दोन-चार तास जातात. म्हणून गेल्या वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, एका विद्यार्थ्यास बहुतेक उड्डाणें एकाच शिक्षकाबरोबर मिळतात काय, आणि मुख्य उड्डाण-शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांबरोबर बसतात काय, हें विचारावें. चांगल्या शिक्षकाची खूण विमानांत नव्हे, जमिनीवर दिसते. उड्डाणापूर्वीं तो पंधरा-वीस मिनिटें फळ्यावर आजचा धडा समजावून सांगतो. उतरल्यावर तितकाच वेळ बसून काय जमलें, काय चुकलें आणि उद्यां काय करावयाचें हें सांगतो. उदाहरणार्थ, पंख आणि समोरून येणारी हवा ह्यांमधील कोन सुमारें पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला कीं पंखावरील प्रवाह तुटतो आणि विमान खालीं बसतें, मग इंजिन कितीही जोरांत चालत असो. हें ज्याला जमिनीवर नीट उमगलें आहे, त्याला तो धडा हवेंत शिकतांना भीति वाटत नाहीं. ज्याला न सांगतां हवेंत एकदम दाखविलें, त्याला ती भीति कायमची चिकटते. रागावून शिकविणारा शिक्षक वर्गांत केवळ निरुपयोगी असतो. विमानांत तो धोक्याचा असतो, कारण भ्यालेला विद्यार्थी चूक कबूल करीत नाहीं.

स्थळाचा विचार हवामानाच्या विचाराशिवाय अपुरा आहे. महाराष्ट्रांत जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत पावसाचे ढग खालीं उतरतात आणि शिकाऊ विमानें दिवसेंदिवस बांधून ठेवावीं लागतात. उत्तर हिंदुस्थानांत डिसेंबर-जानेवारींत दाट धुकें पडून सकाळीं धावपट्टी दिसेनाशी होते. विदर्भांतला उन्हाळा निराळीच अडचण आणतो. हवा तापली कीं विरळ होते, आणि विरळ हवेंत पंख व इंजिन दोघांचीही शक्ति घटते. समुद्रसपाटीपासून सुमारें हजार फूट उंचीवरील धावपट्टीवर तपमान ४३ अंश असलें, तर तें त्या उंचीच्या प्रमाणित तपमानापेक्षां सुमारें तीस अंशांनीं अधिक होतें. प्रत्येक अंशास सुमारें १२० फूट ह्या ठोकळ नियमानें ३,६०० फुटांची भर पडते. म्हणजे विमानाला आपण साडेचार हजार फूट उंचीच्या पठारावर आहोंत असें वाटतें. तें धावपट्टीवर अधिक धावतें आणि मंद गतीनें वर चढतें. हा विचार करून दुपारचीं उड्डाणें बंद ठेवणारी आणि विद्यार्थ्यास हें गणित करावयास लावणारी शाळा विश्वासास पात्र होय. ऋतु पाहून प्रवेश घेतला, उदाहरणार्थ पावसाळ्यांत लेखी विषयांची तयारी करून ऑक्टोबरापासून उड्डाणास आरंभ केला, तर मराठी मुलखांत सलग सहा महिने मोकळें आकाश मिळण्याची आशा असते.

लेखी विषयांस गौण लेखूं नये. विशेषतः मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलांस हवाई नियम आणि रेडिओवरील ठराविक इंग्रजी वाक्यें प्रथम परकीं वाटतात. त्यांत बुद्धीचा दोष नसून सरावाचा अभाव असतो, आणि तो भरून निघतो. जी संस्था ह्या विषयांचे नियमित वर्ग घेते, रेडिओवरील बोलणें मोठ्यानें म्हणवून घेते आणि प्रश्नपत्रिका सोडवून घेते, तेथें खेड्यांतला मुलगाही मागें राहत नाहीं. केवळ पुस्तकांची यादी हातीं देऊन मोकळी होणारी संस्था अर्धीच शाळा होय.

सरकारी देखरेखीचाही उपयोग करून घ्यावा. महासंचालनालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें शिक्षणसंस्थांची श्रेणीवार यादी प्रथमच प्रसिद्ध केली, आणि ती वर्षांतून दोनदां काढण्याचें ठरविलें. संस्थेची कामगिरी, कामकाज, सुरक्षितता, नियमपालन आणि विद्यार्थ्यांस मिळणारें साहाय्य अशा अंगांनीं हें मोजमाप केलें जातें. पहिल्या यादींत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे. म्हणून यादी अवश्य पाहावी, पण तिला अंतिम निकाल समजूं नये. श्रेणी सबंध संस्थेची असते. आपल्या मुलाचा शिक्षक कोण आणि त्याच्या वांट्यास विमान किती वेळां येईल, हें ती सांगत नाहीं.

परदेशीं जाऊन शिकण्याचा मार्गही पुष्कळ जण धरतात. तेथें संस्था अनेक असतात आणि विमानेंही सहज मिळतात. परंतु प्रवास, राहणें आणि व्हिसा ह्यांचा खर्च मिळवून मगच तुलना करावी, आणि परतल्यावर भारतीय परवान्यासाठीं येथील परीक्षा व सोपस्कार पुन्हां करावे लागतात हें ध्यानांत ठेवावें.

सर्वांत चांगला उपाय साधा आहे. संस्थेच्या कचेरींत अर्धा तास बसण्याऐवजीं तिच्या विमानतळावर एक सबंध दिवस घालवावा. सकाळीं फळ्यावर किती उड्डाणें लिहिलीं होतीं आणि संध्याकाळपर्यंत त्यांतलीं किती झालीं, हें मोजावें. चहाच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांशीं बोलावें. तेथें जें कळतें तें कचेरींत कळत नाहीं. एकच प्रश्न त्यांना विचारावा: “तुम्ही शेवटचें उड्डाण केव्हां केलेंत?” उत्तर “काल” असें आलें तर ठीक, उत्तर देण्यापूर्वीं विद्यार्थी दिनदर्शिकेकडे पाहूं लागला तर सर्व समजलें. आणखी एक विचारावें: वारा अधिक आहे म्हणून एखाद्या विद्यार्थ्यानें “आज मी जात नाहीं” असें म्हटलें, तर त्याला काय ऐकून घ्यावें लागतें? जेथें अशा विद्यार्थ्याची पाठ थोपटली जाते, ती शाळा वैमानिक घडविते. जेथें त्याची थट्टा होते, तेथें एक दिवशीं अपघात घडतो.

मग पैशाची बोलणीं करावीं. सर्व रक्कम एकदम कधींही भरूं नये. उड्डाणें होतील तसतसे हप्ते द्यावे. इंधन, विमानतळाचें शुल्क, परीक्षकाचें शुल्क, वसतिगृह, पाठ्यपुस्तकें आणि चाळीसांच्या पुढचे तास ह्यांपैकीं काय धरलें आहे आणि काय वगळलें आहे, हें लेखी घ्यावें. संस्था बंद पडली, विद्यार्थी आजारी पडला किंवा वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरला, तर राहिलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील, हें वाक्य करारांत नसेल तर सही करूं नये. तोंडी आश्वासनावर शेताचा बांधही कोणी ठरवीत नाहीं. मग मुलाचें भवितव्य कां ठरवावें?

हें सर्व झाल्यावर, पुढें एक दिवस असा येतो कीं त्याची कल्पना कोणी आधीं देत नाहीं. शिक्षकाबरोबर दोन-तीन वेळां उतरणें होतें. विमान धावपट्टीच्या कडेला थांबतें. शिक्षक आपला पट्टा सोडतो, दार उघडतो, “आतां एकच फेरी, नेहमींसारखी” एवढें म्हणतो आणि खालीं उतरतो. विमान हलकें झालेलें असतें, म्हणून तें नेहमींपेक्षां लवकर जमीन सोडतें. हजार फुटांवर गेल्यावर विद्यार्थी शेजारीं पाहतो. ती जागा रिकामी असते. चूक सुधारणारा हात तेथें नसतो. त्या फेरींत इंधन आधीं तपासलेलें असावें लागतें, यंत्राच्या वहींतले दोष खरोखर दुरुस्त झालेले असावे लागतात, जमिनीची ओळख कालच्या सरावानें ताजी असावी लागते आणि मनांत भीतीपेक्षां शिक्षकाचे शब्द मोठे असावे लागतात. खालीं कुंपणापाशीं कदाचित् त्याचे आईवडील उभे असतात. त्यांच्या हातीं त्या वेळीं करण्यासारखें कांहींच उरलेलें नसतें. त्यांनीं जें करावयाचें तें शाळा निवडली त्याच दिवशीं केलेलें असतें.